जबाबाची जागा

हाजराखालाच्या घरात तांदळाचे दोन डबे होते. एक जेवायच्या तांदळाचा आणि दुसरा बोलायच्या तांदळाचा. ही नावं तिनेच दिलेली. दुसऱ्या डब्यातले तांदूळ कधी चुलीवर चढले नाहीत. त्यांत कॅसेटी उभ्या पुरून ठेवलेल्या असायच्या. आमच्याकडच्या दमट हवेत चपलेलासुद्धा बुरशी येते, तिथे कॅसेटची काय कथा! तांदूळ ओल ओढून घेतात, हे खालाचं शास्त्र. ते खरं निघालं याची मी साक्षीदार आहे, पण ते पुढे येईल.

तिचं घर रत्नागिरीत राजिवड्याला उतरणाऱ्या वाटेवर, खाडीच्या अंगाला. चिऱ्याच्या दोन पायऱ्या, पडवी, मग एकच मोठी खोली आणि तिच्यामागे हिरव्या पडद्याआड स्वयंपाकघर. दुपारी भरतीचं पाणी वर आलं की त्याचा उजेड खिडकीतून आत शिरायचा आणि छताच्या वाशांवर हलत राहायचा. त्या खोलीत बसलं की आपण पाण्याच्या तळाशी बसलोय असं वाटे. बाहेरचे आवाजही तसेच यायचे, लांबून आणि धार गेलेले. मला आजही डुलकी लागताना कधीकधी तो हलणारा उजेड दिसतो.

खोलीत एक टेबल, टेबलावर क्रोशाचं फडकं आणि फडक्याखाली टेपरेकॉर्डर. तो दाऊदचाचांनी, म्हणजे खालाच्या नवऱ्याने, परदेशातून आणलेला. चाचांनी बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली आणि दोन्ही कान तिथेच ठेवून ते घरी आले. एवढ्या हौसेने टेपरेकॉर्डर आणला, तोवर ऐकू यायचं बंद झालेलं. खाला त्यावरून त्यांना भरपूर चिडवायची, आणि तेही त्यांना ऐकू यायचं नाही. पण त्यामुळे एक झालं. पडवीत बसलेल्या या पुरुषमाणसाचा आसपासच्या एकाही बाईला कधी संकोच वाटला नाही. चाचा पेन्सिल घेऊन बसायचे आणि कॅसेटी हाताने मागे गुंडाळायचे, मशीनची मोटर झिजू नये म्हणून.

ही अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव सालातली गोष्ट. टेलिफोन आलेले होते, नाक्यावर बूथही होता. तरी ज्यांचे नवरे आखातात किंवा बोटीवर, त्या बायका कॅसेट भरायला खालाकडे येत. मोहल्ल्यातल्या येत, तशा खालच्या अंगाच्या, मासेमारी करणाऱ्या खारव्यांच्या आणि आमच्यासारख्या भंडाऱ्यांच्याही येत. "फोनवर माणूस बोंबलता," खाला म्हणायची, "कॅसेटवर बोलता." बूथमधली काच आणि मागे उभी असलेली रांग ज्याने अनुभवली आहे त्याला हे लगेच पटेल. कुणी कुवेतला निघालं की त्याच्या सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी तीन-चार कॅसेटी जायच्या. बोटीवाल्यांच्या कंपनीच्या टपालातून जात.

खालाच्या घरात कॅसेट भरायचे कायदे होते. बाई टेबलाशी बसली की खाला लाल बटण दाबून द्यायची आणि उठून पडद्याआड जायची. पडद्याआड गेल्यावर तिथून भांड्याचाही आवाज करायचा नाही, हा तिने स्वतःला घातलेला नियम. बाईने बोलताना काही विचारलं, तर पुढे थोडा वेळ गप्प बसायचं. टेप चालू ठेवायचा. "तो ऐकेल तेव्हा जबाब देईल ना? मग त्याला जागा नको?" ही तिची जबाबाची जागा. जेवलात का, असं विचारून बाया गप्प बसायच्या. छताकडे बघायच्या. टेप आपला सूं करत फिरायचा.

मला आधी याचं हसू आलं होतं. मी डी.एड. झालेली, शिकलेली. नवरा काय कॅसेटमधून उत्तर देणार! पण एका खारविणीच्या नवऱ्याने दमामहून उलट कॅसेट पाठवली, तिच्यात त्याने सांगितलं ते मी त्याच खोलीत ऐकलं. तो खोलीवर कॅसेट लावायचा, तेव्हा बाकीचे पाच जण आधी टिंगल करायचे. मग तेही येऊन बसायला लागले. बायकोने "जेवलांव काय?" असं विचारलं की त्या जागेत सहाही जण एका सुरात "जेवलो गो" म्हणायचे. त्यात एक केरळचा होता, त्यालाही तेवढं मराठी येऊ लागलं होतं.

दुसरा कायदा तीन दिवसांचा. भरलेली कॅसेट लगेच पाठवायची नाही. ती तांदळात जायची. चौथ्या दिवशी बाईने परत यायचं, स्वतःचं बोलणं स्वतः ऐकायचं आणि मग सांगायचं, पाठवू की पुसू. पाठवायची म्हटली की खाला चाकूच्या टोकाने कॅसेटच्या पाठीवरच्या दोन पट्ट्या मोडायची, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नसे. झुबेदा नावाची एक शेजारीण होती, तोंडाने फटकळ. नवऱ्याने बहिणीला घड्याळ पाठवलं आणि हिला नाही, म्हणून तिने एक अख्खी बाजू शिव्यांनी भरली. चौथ्या दिवशी ऐकायला बसली आणि दहा मिनिटांत पोट धरून हसायला लागली. "या बाईशी कोण नांदेल?" असं म्हणाली आणि सगळं पुसून त्यावर फणसाची सांदणं कशी फसली त्याची हकीगत भरली. खालाने तिला काही म्हणजे काहीही सांगितलं नव्हतं.

सांगणं हा तिचा स्वभावच नव्हता. सुलभाताई म्हणून एक होत्या, एक्केचाळीस वर्षांच्या. नवरा रजेवर येऊन गेला आणि दोन महिन्यांनी कळलं की दिवस गेलेत. थोरल्या मुलीला स्थळं बघणं चाललेलं. लाजेने त्या महिनाभर विहिरीवर गेल्या नाहीत. खालाकडे त्यांनी तीन कॅसेटी भरल्या आणि तीनही पुसल्या. चौथी पाठवली ती एका वाक्याची होती, मूल ठेवत्येय. त्यानंतर खाला आपली काळी छत्री घेऊन दर महिन्याला त्यांच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे जायची. लोकांनी विचारलं तर म्हणायची, "माजे गुडघे दाखवायला जात्येय, सुलभा सोबतीला हाय." त्या मुलाचं नाव ठेवायच्या दिवशी गुडघे बरे झाले का असं तिला कुणीतरी विचारलं, तर ती म्हणाली, "एकदम."

तिला स्वतःला मूल नव्हतं. त्याविषयी तिने मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ट्रंकेत एक अंगडं होतं, फिकट पिवळं, एवढंच मला माहीत आहे.

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सुधीर मालवाहू बोटीच्या इंजिनरूममध्ये मोटरमन. घरी सासूबाई आणि मी. नव्याण्णवच्या गणपतीनंतर, सुधीर बोटीवर जाऊन दीड महिना झाला होता, तेव्हा एकाच आठवड्यात मला दोन गोष्टी कळल्या. सोमवारी जिल्हा परिषदेचं पत्र आलं. मंडणगड तालुक्यातल्या एका शाळेवर माझी नेमणूक झाली होती, महिन्याभरात हजर व्हायचं होतं. चार वर्षं मी त्या पत्राची वाट बघत होते. आणि शुक्रवारी कळलं की मला दिवस गेलेत.

आम्ही ठरवलेलं होतं, सुधीरच्या आणखी दोन खेपा होईपर्यंत मूल नको. काळजीही घेत होतो. पण झालं. सासूबाई स्वभावाने चांगल्या, पण त्यांना कळलं असतं तर मंडणगडचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. नोकरी सोडायची की हे थांबवायचं, की दोन्ही सांभाळत त्या डोंगरात एकटीने जायचं? मला काही सुचेना. विचारायचं कुणाला? सुधीर एखाद्या बंदरातून फोन करायचा तो शेजाऱ्यांच्या घरी, आठ माणसांच्या देखत. म्हणून मी हाजराखालाकडे कॅसेट भरायला गेले. त्याला पोचायला तीन आठवडे, उलट यायला तीन आठवडे. तोवर सगळ्या वाटा बंद होणार होत्या. हे साधं गणित चौथीच्या मुलाला आलं असतं. मला तेव्हा आलं नाही.

भरतीची वेळ होती. छतावर पाणी हलत होतं. खालाने बटण दाबलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पडद्याआड गेली. मी बोलत सुटले. सासूबाईंचं सांगितलं, पत्राचं सांगितलं, शाळेला दोनच खोल्या आहेत आणि मागे जांभळाचं झाड आहे असं कुणीतरी सांगितलं होतं तेही सांगितलं. मग ते सांगितलं. शेवटी विचारलं, "मी काय करू?" आणि कायद्याप्रमाणे गप्प बसले. ती जागा मोठी झाली. मला रडायला यायला लागलं, म्हणून मी उठून पडवीत गेले आणि चाचांच्या शेजारी पायरीवर बसले. टेप तसाच फिरत राहिला असणार. चाचांनी माझ्याकडे बघितलं, हातातली कॅसेट आणि पेन्सिल मला दिली आणि स्वतः दुसरी घेतली. आम्ही दोघांनी कॅसेटी गुंडाळल्या.

तीन दिवस माझी कॅसेट तांदळात होती. चौथ्या दिवशी मी ऐकायला बसले. स्वतःचा आवाज ऐकताना आधी लाज वाटते, मग दुसरंच कुणी बोलतंय असं वाटू लागतं. त्या बाईचं बोलणं मी नीट ऐकलं. मुलाविषयी ती बोलत होती ते दुसऱ्यांच्या तोंडाने. आई काय म्हणतील, तुम्हाला काय वाटेल, लोक काय बोलतील. आणि जांभळाच्या झाडापाशी आली की तिचा आवाज पायऱ्या चढल्यासारखा वर जात होता. मला तोवर माहीतच नव्हतं की मला ते किती हवं आहे. "मी काय करू?" इथवर आलं आणि मी बटण दाबून टेप बंद केला. पुढे नुसती जागाच तर होती. ती जागा सुधीरची नव्हती, माझीच होती. एवढं मला कळलं.

खाला बाहेर आली. मी म्हटलं, "खाला, मला आत्ता हे नकोय." ती माझ्यासमोर बसली. बराच वेळ तिने टेबलावरचं फडकं सारखं केलं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"माजा इचारशील तर मी ठेवलाच असता," ती म्हणाली. "म्हणून माजा इचारू नको. पोट तुजा हाय."

मग तिने विचारलं, "परत तीन दिवस थांबतंस? वेल हाय अजून?"

मी थांबले. तीन दिवसांनीही माझं मन तेच होतं. तेव्हा तिने खुंटीवरची छत्री काढली.

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं, खालालाही बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, विचार बदलला तर अगदी शेवटपर्यंत नाही म्हणता येईल हेही सांगितलं. मग कागद पुढे केला. नवरा बोटीवर असतो, सही कशी आणू, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुमची लागते. त्यांची नाही." त्या कागदावर मी सही केली ती इतकी जपून, की पुढे शाळेवर हजर होतानाच्या कागदावरसुद्धा तशी केली नाही.

सगळं झाल्यावर दुपारी मी खालाच्या खोलीत आडवी झाले. सासूबाईंना निरोप गेला होता की खालाचे गुडघे दुखताहेत, शुभा तिच्यापाशी थांबली आहे. तिने मला तांदळाची पेज दिली, वर तुपाची धार. मी रडले, तेव्हा तिने मला गप्प केलं नाही. मला वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, दोन्ही खरं होतं. छतावर उजेड हलत होता आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून खाला माझे तळपाय दाबत होती. बाहेर अजान झाली, तशी ती उठून नमाज पढून आली आणि तिने परत पाय हातात घेतले. तिने त्या नमाजात काय मागितलं असेल, हा प्रश्न मला फार वर्षं छळत राहिला.

सुधीरला मी नवी कॅसेट भरली; जुनी तांदळातच राहिली. तिच्यात विचारलं नाही, सांगितलं. दीड महिन्याने त्याची कॅसेट आली. बराच वेळ नुसती इंजिनाची घरघर, मग तो म्हणाला, "मला आधी राग आला. मग मी तीन दिवस थांबलो. तू बरी आहेस ना?" आणि त्यानेही जागा सोडली होती. त्या जागेत मी मोठ्याने "हो" म्हटलं. सासूबाईंना मी ते कधी सांगितलं नाही. ते बरोबर की चूक, माहीत नाही.

मंडणगडला मला खोली मिळाली तीही खालाच्या भाचीच्या घरात. जांभळाचं झाड नव्हतं, फणसाचं होतं. पण शाळा होती आणि ती माझी होती. चार वर्षांनी आम्हाला हवी होती तेव्हा मुलगी झाली. तिला घेऊन मी खालाकडे गेले, तेव्हा तिने ट्रंकेतलं ते पिवळं अंगडं काढलं. एका शब्दानेही मागची आठवण काढली नाही.

मग मोबाइल आले. पहिल्यांदा श्रीमंतांच्या हातात, मग खारव्यांच्या होड्यांवर. कॅसेट भरायला कुणी येईनासं झालं. दाऊदचाचा गेले, आणि खाला पुतण्याकडे मुंब्र्याला राहायला जाणार असं कळलं. दोन हजार सहाची मे महिन्याची सुट्टी होती. मी तिला भेटायला गेले. ती खोलीच्या मधोमध बसली होती, बोलायच्या तांदळाचा डबा पुढ्यात उपडा केलेला. न पाठवलेल्या कॅसेटी ज्याच्या त्याला परत करणं चाललं होतं. मलाही माझी दिली. पाठीवरच्या पट्ट्या शाबूत होत्या. सात वर्षांत ती कधीही पुसता आली असती.

"लाव बघू, मशीन चालता काय," ती म्हणाली. "मी चाय टाकत्येय." आणि गुडघ्यावर हात देत उठून ती पडद्याआड गेली.

मी लावली. ती चोवीस वर्षांची पोर बोलायला लागली. तिला मी आता थांबवलं नाही. "मी काय करू?" ती म्हणाली आणि जागा सुरू झाली. टेपची सूं सूं. लांबून कावळा. खुर्ची सरकल्याचा आवाज, माझी पावलं पडवीकडे जाताना. मग बराच वेळ काही नाही. आणि मग पडद्यामागून, फार हळू, जिथून भांड्याचासुद्धा आवाज यायचा नाही तिथून, खालाचा आवाज आला.

"मी हाय गो."

एवढंच होतं. पुढे टेप संपेपर्यंत काही नव्हतं.

दुसऱ्याच्या जागेत जबाब द्यायचा नाही हा तिचा आयुष्यभराचा कायदा, आणि तो तिने एकदाच मोडला होता, तोही मी बाहेर गेल्यावर, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने. चौथ्या दिवशी ऐकताना मी टेप बंद केला नसता तर? तिचा आवाज ऐकून माझं मन बदललं असतं? नसतं, असं मला वाटतं. पण ती जे म्हणाली ते दोन्हीकडे खरं होतं. ठेवलं असतं तरी ती होती आणि नाही ठेवलं तेव्हाही होती.

पडदा हलला आणि ती चहा घेऊन आली. "चालता?" तिने विचारलं.

"चालतो," मी म्हटलं. "सगळं स्वच्छ ऐकू येतं."

तिने माझ्याकडे बघितलं. मग कप माझ्या हातात दिला आणि साखर कमी झाली असेल म्हणाली.

निघताना कॅसेट मी तिच्याच हातात ठेवली. "ही तुमच्याकडेच राहू दे, खाला. मुंब्र्याला तांदूळ मिळतात." ती हसली. वाट चढून वळणावर आले तेव्हा मी मागे बघितलं. चाचा बसायचे त्या पायरीवर ती बसली होती, डोळ्यांशी अगदी जवळ धरून कॅसेटमध्ये पेन्सिल घातलेली, आणि सावकाश मागे गुंडाळत होती.